परत आलेले पैसे, परत गेलेली वस्तू

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. त्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभले होते. त्या काळी ग्राहकाचा झगडा समोरच्या गादीवर बसलेल्या दुकानदाराशी असे. वजनात मारलेला काटा, तेलातली भेसळ, डाळीतले खडे ही फसवणूक डोळ्यांना दिसत असे आणि फसवणाऱ्याचे दुकानही दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर सापडत असे. आता दुकानदार दृष्टीआड गेला आहे. विजेच्या वस्तूत झालेली भेसळ तर मुळातच प्लॅस्टिकच्या आवरणाआड असते.

एक अगदी नेहमीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. शिक्षणासाठी गावाहून आलेले तीन विद्यार्थी शहरात भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीत विजेचा पॉइंट एकच. मोबाइलवरून दोन-अडीचशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड मागवला जातो. चित्र सुबक, तारे साडेचार, वर्णनात ‘शुद्ध तांब्याची वायर’. तिसऱ्या दिवशी बोर्ड घरपोच येतो, त्यावर दिवा लागतो, मोबाइल चार्ज होतो आणि एक जण त्याच संध्याकाळी पाच तारे देऊन मोकळा होतो. पुढे थंडी पडते. बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला जातो, शेजारच्या खाचेत इस्त्री लागते. आठवडाभरात प्लगभोवती तपकिरी डाग उमटतो आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागतो.

यात दैवदुर्विलास कोणताच नाही, साधा हिशेब आहे. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार. दोन्ही मिळून जवळजवळ अकरा. बोर्डाचा प्लग मात्र सहा अँपिअरचा. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि वायर जितकी बारीक तितका तिचा रोध अधिक. स्वस्त बोर्डाची वायर बाहेरून जाड दिसते, ती प्लॅस्टिकमुळे. आतल्या तारा शेवयांसारख्या असतात. अनेकदा ते तांबेही नसते, ॲल्युमिनियमवर दिलेला तांब्याचा मुलामा असतो. सुरीने तार खरवडली की आत पांढरा धातू दिसतो. प्लगच्या पिना पितळेच्या असाव्यात. लोहचुंबक त्यांना चिकटला तर आत लोखंड आहे असे खुशाल समजावे.

सर्वात घातक गैरसमज एमसीबीविषयी आहे. ‘काही बिघडले तर बटण आपोआप पडेल’ असे बहुतेक घरांत धरून चालतात. पॉवर पॉइंटवर बहुधा सोळा अँपिअरचा एमसीबी असतो आणि तो भिंतीतल्या वायरिंगचे रक्षण करण्यासाठी बसवलेला असतो. अकरा अँपिअर त्याच्या दृष्टीने नित्याचा भार. तो निवांत राहतो आणि जमिनीवर पडलेली बारीक वायर तापत राहते. अर्थिंगची कथा याहून वाईट. कित्येक बोर्डांना तिसरी पिन असते, पण तिला आतून वायर जोडलेलीच नसते. ती केवळ शोभेची! अशा बोर्डावर लावलेल्या इस्त्रीत किंवा रॉडमध्ये बिघाड झाला, तर वीज जमिनीत जाण्याची वाट माणसाच्या शरीरातून शोधते.

मग त्या साडेचार ताऱ्यांचे काय? वास्तविक ते खोटेच असतात असे नाही. पण बहुसंख्य ग्राहक वस्तू हाती पडताच अभिप्राय देतात. बोर्ड वेळेवर आला, रंग चांगला आहे, दिवा लागला, एवढेच त्यांनी पाहिलेले असते. वायर पेलते की नाही, हे पहिल्या थंडीत कळते. तोवर परतीची मुदत संपलेली असते.

मुदत संपलेली नसेल तर जे घडते, ते अधिक चिंतेचे आहे. विद्यार्थी तक्रार नोंदवतात, कुरिअरवाला जळका बोर्ड घेऊन जातो, दोन दिवसांत पैसे खात्यात जमा होतात. सगळे खूश. कंपनीची सेवा उत्तम, असाही अभिप्राय दिला जातो! त्याच गठ्ठ्यातले उरलेले बोर्ड मात्र इतर घरांकडे निघालेलेच असतात. कोणा आजींच्या गरम पिशवीसाठी, कोणा बाळंतिणीच्या खोलीतल्या हीटरसाठी. अडीचशे रुपये परत करून विक्रेत्याने त्या ग्राहकाचे मौन विकत घेतलेले असते, आणि ते त्याला फार स्वस्तात पडते.

मौन मोडले की काय होते, याची उदाहरणे आहेत. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजारकंपनीला सक्तीचे मानक डावलणाऱ्या २,२६५ प्रेशर कुकरच्या सर्व खरेदीदारांना कळवण्याचा आदेश दिला आणि एक लाखाचा दंड केला. २०२५ च्या मार्चमध्ये भारतीय मानक ब्यूरोने दिल्लीतील एका गोदामावर छापा घालून मानकचिन्ह नसलेली साडेतीन हजारांवर उत्पादने जप्त केली. त्यांत गीझर होते, मिक्सर होते. वायर, स्विच, इस्त्री, पाण्याचा रॉड यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती २००३ च्या आदेशापासूनच आहे. नुसते चिन्ह छापायला कोणालाही येते, म्हणून त्याखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून पाहावा. क्रमांकच नसेल तर शोधण्याचे कष्टही वाचतात. खोट्या चिन्हाची तक्रार त्याच ॲपवरून करता येते.

कायदाही पूर्वीसारखा दूर राहिलेला नाही. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो वा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता कोणत्या राज्यात बसला आहे याचा अडसर येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर भरपाईचे दायित्व आहे. ऑनलाइन कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात केले पाहिजे, विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवला पाहिजे, असे २०२० चे नियम सांगतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्या तीन विद्यार्थ्यांना यासाठी वकील लागणार नाही. जळलेल्या प्लगचे छायाचित्र, बोर्डामागच्या लेबलाचे छायाचित्र, बिल, विक्रेत्याचे नाव आणि त्या पानावरचा ‘शुद्ध तांब्या’चा दावा, एवढे जपून ठेवले की तक्रार उभी राहते. पैसे परत घ्यायलाही हरकत नाही, ते त्यांच्या हक्काचेच आहेत. मात्र ही छायाचित्रे कुरिअरवाला दाराची बेल वाजवण्यापूर्वी काढलेली हवीत.