किल्ली आपल्या कमरेला



आमच्या घरी दिवाळीनंतर दोन छोटे लॅपटॉप आले. त्यांच्यासोबतच्या पहिल्या चार आठवड्यांची हकिकत आज सांगणार आहे. मी कॉम्प्युटरची जाणकार नाही. हे उद्यमनगरात लेथवर काम करतात, मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत, आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. पंचगंगेच्या बाजूच्या आमच्या गल्लीत अकरा वर्षांपासून बचत गट आहे आणि मी त्याची सचिव. एवढीच माझी ओळख.

आजवर घरात दोन मोबाइल आणि माणसं पाच. मुलीचा अभ्यास, मुलाचा अभ्यास आणि माझा गटाचा हिशोब, सगळे एकाच मोबाइलसाठी रांगेत. नवा लॅपटॉप परवडण्यासारखा नव्हता. तेवढ्यात पुण्याला शिकणारा भाचा म्हणाला, "मामी, १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज दहाचा नेहमीचा आधार थांबलाय. नवं विंडोज ज्यावर चालत नाही असे चांगले लॅपटॉप लोक विकायला काढतायत. आपण जुने घेऊ आणि त्यात लिनक्स घालू."

त्यानं चौदा हजारांत दोन आणले. पाटीएवढे छोटे. आत्या म्हणाल्या, "ह्ये काय, जुनं ते जुनं, त्यात आणि फुकटचं घालणार?"

भाच्यानं समजावलं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तेव्हापासून जगभरातली माणसं त्यात भर घालतात. कुणीही ते वापरावं, दुसऱ्याला द्यावं, आपल्या भाषेत आणावं. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशीही लिनक्सच असतं. आणि महाराष्ट्राला हे नवं नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर चाललेल्या योजनेतले. त्यातही लिनक्सच होतं. मुलं ते घरी घेऊन जायची.

पहिल्याच संध्याकाळी भाच्यानं विचारलं, "मामी, मुख्य पासवर्ड कुणाकडं ठेवायचा?" लिनक्समध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं असतं. त्या खात्याच्या कप्प्याला 'होम' म्हणतात, म्हणजे घरच. साध्या खात्यावरून दुसऱ्याच्या घरात काही बदलता येत नाही. पण नवीन काही बसवायचं किंवा काढायचं असेल, तर मुख्य पासवर्ड लागतो.

सगळ्यांनी यांच्याकडं पाहिलं. मीसुद्धा. तेव्हा आत्या म्हणाल्या, "कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला हाईत? तिच्याकडंच दे की."

पासवर्ड माझ्याकडं आला. मला मात्र आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली.

पहिला आठवडा टंकलेखनात गेला. भाच्यानं इन्स्क्रिप्ट ही मांडणी लावून दिली. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ज्या कळीवर 'क', तीच शिफ्टबरोबर दाबली की 'ख'. 'त' आणि 'थ' तसेच, 'द' आणि 'ध' तसेच. बाराखडी पाठ असलेल्या बाईला ही मांडणी लवकर उमगते. पहिल्या दिवशी माझं नाव लिहायला दहा मिनिटं लागली. आठवड्यानं गटातल्या बाराही जणींची नावं सरसर लिहिता आली.

दुसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवतच असेल. आमच्या घरात पाणी आलं तेव्हा गटाची वही भिजली होती. पानं वाळवून आम्ही ती बाहेर एका ठिकाणी टाईप करून घेतली होती. ती फाईल पेन ड्राइव्हमध्ये होती. बँकेचं नवं कर्ज मागायचं होतं, त्यासाठी जुना हिशोब हवा होता. फाईल उघडली, तर मराठीचं एक अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं.

हे म्हणाले, "फुकटचं ते फुकटचंच. गेला हिशोब."

रात्रभर मला झोप नाही. अकरा वर्षांची बायकांची बचत, आणि किल्ली माझ्या कमरेला.

सकाळी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, काही गेलेलं नाही. ती फाईल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट नसेल तर कुठल्याही कॉम्प्युटरवर असंच दिसणार." आता आपण लिहितो ते युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. मोबाइल असो की लॅपटॉप, कोल्हापूर असो की कॅनडा, २३२५ म्हणजे 'क'च. जुनी फाईल युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात. त्यानं फाईल बदलून पाठवली, पण बजावलं, "वेलांट्या, रफार इकडंतिकडं झालेले असतील. आकडेही तपासा. एकदा सगळं वाचून घ्या."

मग तिसऱ्या आठवड्यात तीन संध्याकाळी गटातल्या सगळ्या जणी आमच्या सोप्यात बसल्या. प्रत्येकीनं आपलं पासबुक आणलं. मुलगी एकेक ओळ वाचायची, जिची ओळ ती आपलं पासबुक बघून "बरोबर" म्हणायची, आणि मी दुरुस्ती करायची. चहा होत होता, थट्टाही चालली होती.

दुसऱ्या संध्याकाळी एक जण "बरोबर" म्हणालीच नाही. तिच्या पासबुकात २०१९ च्या मे आणि जूनचे पाचशे-पाचशे रुपये भरल्याची नोंद होती, आणि खाली माझीच सही. यादीत मात्र ते दोन्ही हप्ते नव्हते. भिजलेल्या पानावरून टाईप करताना ती ओळ सुटली होती. पुरानंतर ती यादी बघून आम्हीच तिला सांगितलं होतं, तुझे दोन हप्ते थकलेत. तिनं ते पुन्हा भरले होते.

मी विचारलं, "तेव्हा का बोलली नाहीस गं?"

ती म्हणाली, "पासबुक माहेरी नेलेल्या ट्रंकेत होतं. आणि वैनी, तुम्ही म्हणताय म्हटल्यावर असंलच की."

मैत्रिणींनो, हे मला फार लागलं. चूक टाईप करणाऱ्याची होती, पण ती यादी सहा वर्षांत मी एकदाही पासबुकांशी ताडून पाहिली नव्हती. आलेला कागद बरोबरच असणार, असं मी धरून चालले. फाईल हे उघडायचे, छापायचे, मी सही करायची. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब लेखन ही बचत गटाची पंचसूत्री मी दर सभेत म्हणून दाखवायचे. त्यातलं पाचवं सूत्र मीच दुसऱ्याच्या हातात देऊन बसले होते.

पुढच्या बैठकीत तिचे हजार रुपये परत दिले आणि इतिवृत्तात तशी नोंद केली. ती नोंद मी स्वतः टाईप केली. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "मला पण शिकव की हे मराठी."

आता तुमच्यापैकी कुणाला असा लॅपटॉप घ्यायचा असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालण्याआधी त्यातले फोटो, फाईली दुसरीकडं उतरवून घ्या, नाहीतर पुसल्या जातील. लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. आवाज, वायफाय, कॅमेरा चालतोय का ते बघा आणि मगच बसवा. विंडोजसाठीच बनवलेली हिशोबाची सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालतीलच असं नाही. आमच्या प्रिंटरनं छापून दिलं, पण स्कॅन करायला अजून तयार नाही. त्यामुळं तेवढ्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं. आणि हिशोबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक छापील प्रत दुसऱ्या सदस्येच्या घरी, तीही वरच्या मजल्यावर ठेवा. नदीकाठच्या बायकांना याचं कारण सांगायला नको.

चौथ्या आठवड्यात आत्यांनी स्वतःचं खातं मागितलं. "मला काय लिहायचं न्हाई," म्हणाल्या, "पर माझंबी घर असू दे त्यात." मुलीनं उघडून दिलं. त्यात सध्या एकच फाईल आहे. कुरडयांचं प्रमाण, आत्यांनी सांगितलेलं आणि नातवानं लिहिलेलं. खाली त्यांनी एका बोटानं आपलं नाव लिहिलंय. पाऊण तास लागला. कुणी मधे हात घातला नाही.

तुमच्या गटाचा हिशोब वहीत असू दे, मोबाइलमध्ये असू दे, नाहीतर लॅपटॉपवर. येत्या बैठकीत तो एकदा मोठ्यानं वाचा, आणि प्रत्येकीला पासबुक घेऊन यायला सांगा. तेवढं केलंत तरी माझं आजचं बोलणं कारणी लागलं.