पुलावर पाणी असताना गाडीचं काय करायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं प्लॉट घेतले तेव्हा पावसाळ्यात चपला हातात धरून घरी यावं लागायचं. काळ्या मातीचा चिखल पाय सोडायचा नाही. तेव्हा सगळ्या सोसायटीत मिळून पाच-सहा सायकली आणि दोन लुना होत्या. आज जवळजवळ प्रत्येक घरासमोर चारचाकी उभी आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण चारचाकी आली तशी एक नवी जोखीमही दारात आली. सचिवांनी मला “दोन शब्द बोला” म्हटलं, तेव्हा मी त्यावरच बोलायचं ठरवलं.

मी एकतीस वर्षं एसटीत चालक होतो. आमच्या नोकरीत एक गोष्ट पक्की होती, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. प्रवासी ओरडायचे, कुणी म्हणायचं “मास्तर, घाला हो, एवढुसं तर पाणी आहे.” मी गाडी बाजूला लावायचो. एकदा तर रात्रभर एका खेड्याच्या शाळेत पन्नास माणसं घेऊन थांबलो. गावकऱ्यांनी भाकरी-पिठलं दिलं. सकाळी पाणी उतरलं, आम्ही निघालो. कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि तोच मी, निवृत्त झाल्यावर, स्वतःची गाडी घेऊन पाण्यात शिरलो. आज ते तुमच्यासमोर कबूल करतो.

महालक्ष्म्यांचे दिवस होते. मुलीकडं जेवायला गेलो होतो. परत निघताना गाडीत आमची मंडळी, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू. दुपारभर इथं चांगलं ऊन होतं, पण वर डोंगराकडं पाऊस झाला असणार. आपल्याकडच्या नाल्यांचं तसंच आहे. करपरा काय, दुधना काय, पाऊस एकीकडं आणि पाणी दुसरीकडं. वाटेत एका नाल्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. गुडघ्याएवढंही नव्हतं. समोरून एक ट्रॅक्टर आला, निघून गेला. घरून मुलाचा फोन आला, “बाबा, कुठवर आलात? अंधार पडायला लागलाय.” आमची मंडळी म्हणाली, “अहो, थांबा ना जरा.” मी म्हणालो, “एकतीस वर्षं एसटी चालवलीय, मला शिकवू नका.”

अर्ध्या पुलावर गेलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. फिरवतोय, पण गाडी ऐकत नाही. मागची बाजू आपोआप उताराकडं सरकायला लागली. इंजिन बंद पडलं. पुलाच्या कडेचा एक दगड मागच्या चाकाला अडकला म्हणून आज मी इथं उभा आहे. पलीकडच्या पोरांनी दोर टाकला. खिडकीतून आधी नातू काढला, मग सूनबाई, मग आमची मंडळी, शेवटी मी. त्या पोरांची नावंसुद्धा विचारायचं भान राहिलं नाही.

नंतर खूप विचार केला, की चुकलं कुठं? माझा हात चुकला नव्हता, हिशेब चुकला होता. तो हिशेब सांगतो, मुलांनीही ऐकावा.

रिकामी बस आठ-दहा टनांची असते. माझी लहान मोटार साधारण नऊशे किलोची. मोटारीचा तळ धरा पाच चौरस मीटर. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं, तर गाडी अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारते. म्हणजे पाणी तिला पाचशे किलोनं वर उचलतं. नऊशेतले पाचशे गेले! वीस सेंटिमीटर चढलं की गाडी तरंगलीच. तळ रस्त्यापासून सतरा-अठरा सेंटिमीटर उंच असतो, तो मिळवला तरी बेरीज चाळीस सेंटिमीटरच्या आत राहते. म्हणजे गुडघ्याच्या खालीच. आणि पूर्ण तरंगायची वाटही बघावी लागत नाही. चाकांवरचं वजन अर्धं झालं की पकडही अर्धी होते, मग वाहतं पाणी गाडीला आडवी ढकलतं. त्यातही पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. मोठ्या जीपवाल्यांनी हसू नये. त्यांना थोडं जास्त पाणी लागेल, एवढाच फरक.

ट्रॅक्टर गेला म्हणून मोटार जाईल, हे म्हणूनच खोटं आहे. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीला लागतं, आणि त्याचा तळ बंद डब्यासारखा नसतो.

बरं, जड गाडीही सुरक्षित नसते. 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस पुलावरच्या पाण्यात वाहून गेली. माणसं गेली. ती बातमी ऐकली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या चालकावर मी बोट ठेवणार नाही, कारण पाण्याच्या काठावर मनावर काय दडपण येतं ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट, पाण्याखाली रस्ता आहे की नाही हे वरून दिसत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. अंधारात दोन एसटी बसगाड्या आणि एक खाजगी गाडी नदीत गेल्या. पूल आहे असंच सगळे धरून चालले होते. आपल्याकडं तर काळी माती. भिजली की फुगते, पाण्याबरोबर वाहून जाते. फरशी वर शाबूत दिसते, खालचा भराव गेलेला असतो. साइडपट्टीवर चाक उतरलं तर गाडी तिथंच रुतते.

म्हणून पहिला नियम : पुलावरून, फरशीवरून, नाल्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. किती खोल, किती वेळ लागेल, समोरचा गेला का, यातलं काहीही विचारायचं नाही.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. परभणीला गेल्यावर एखाद्या रस्त्यावर पाणी तुंबलेलं असतं. तिथं रस्ता ओळखीचा असेल आणि पाणी चाकाच्या निम्म्याच्या बरंच खाली असेल, तरच जा. रस्त्याच्या मधून चला, मधला भाग उंच असतो. पहिला गिअर, चालत्या माणसाचा वेग, ॲक्सिलेटर एकसारखा. मध्येच गिअर बदलू नका, थांबू नका. जोरात गेलात तर पुढं लाट उठते आणि पाणी थेट इंजिनच्या हवेच्या वाटेनं आत जातं. समोरून गाडी येत असेल तर आधी तिला येऊ द्या. पाण्यातून बाहेर आल्यावर सावकाश चालत ब्रेक हलकेच चार-पाच वेळा दाबा. ओले ब्रेक लगेच लागत नाहीत.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली आणि “बघू तरी” म्हणून चावी फिरवली. एक ठक्क आवाज आला, इंजिन संपलं. विमावाले म्हणाले, साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यायला हवं होतं. घरी जाऊन आपापली पॉलिसी काढून बघा.

आता सगळ्यात वाईट वेळ. गाडी पाण्यात सापडलीच तर काय करायचं? 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही माणसं बंद गाड्यांतच गुदमरून गेली. बाहेर पाणी चढलं की दाबामुळं दार उघडत नाही, आणि वीज गेली की काचाही उतरत नाहीत. म्हणून क्रम पाठ करा : पट्टा सोडा, काच खाली करा, लेकरं आधी बाहेर, मग आपण. फोन नंतर. काच उतरत नसेल तर सीटच्या डोक्यामागची उशी उपसा, तिच्या लोखंडी दांड्यानं बाजूच्या काचेचा कोपरा फोडा. पुढच्या काचेवर वेळ घालवू नका. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पडदा असतो, ती तडकते पण मोकळी होत नाही. बाहेर पडल्यावर 112 लावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे.

हे सगळं झालं गाडी चालवणाऱ्यासाठी. पण आज मला खरं बोलायचंय ते घरी वाट बघणाऱ्यांशी.

त्या संध्याकाळी मी पाण्यात का शिरलो? घमेंड होतीच. पण कानात मुलाचा तो फोनही होता, “कुठवर आलात?” त्याची काही चूक नाही, काळजीपोटीच विचारलं त्यानं. पण काठावर थांबलेल्या माणसाला तो प्रश्न “लवकर या” असाच ऐकू येतो. स्वयंपाक झालाय, पाहुणे बसलेत, दूध आणायचंय. अशा लहान लहान घाईतच माणूस पाण्यात शिरतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीनं एक ठरवावं. पावसापाण्यात कुणी बाहेर असेल तर घरून “कुठवर आलात” विचारायचं नाही. “तिकडंच थांबा, सकाळी या” असं म्हणायचं. आपल्यापैकी कुणाचे तरी सोयरे जिंतूरला आहेत, कुणाचे झरीला, कुणाचे परभणीला. अडकलेल्या सभासदाला एका रात्रीचा आसरा द्यायला कुणी नाही म्हणणार नाही. अशा घरांची यादी करून ऑफिसच्या फलकावर लावू या. करपरेला पाणी वाढलं की ज्याला आधी कळेल त्यानं ग्रुपवर टाकावं. त्या दिवशी शुभ सकाळचे फुलांचे फोटो थोडे कमी टाकले तरी चालतील!

आणखी एक. गाडीत बसलेलं कुणीही, बायको असो, सून असो, लेकरू असो, “थांबा” म्हणालं की चालवणाऱ्यानं थांबायचं. वाद घालायचा नाही. स्टिअरिंग माझ्या हातात असलं तरी जीव चौघांचे असतात. आमची मंडळी त्या दिवसाबद्दल एका शब्दानं मला बोलली नाही. पण आता पावसात निघालो की ती पुढच्या सीटवर बसते, आणि आभाळ बघून म्हणते, “आज राहू द्या.” आणि मी राहू देतो.

नातू आता मोठा झालाय, लवकरच लायसन्स काढेल. त्याला गिअर मी शिकवेन. थांबायचं कसं, ते आजीकडून शिक म्हणून सांगितलंय.

संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा, आणि तेव्हाही आपण सगळे इथं असावेत ही प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र!