मल्ल आणि पंच

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"कोणत्याही बोधप्रद विषयावर अर्धा तास बोलावे," अशी आज्ञा आपल्या कार्यवाहांनी आम्हांस पत्राने केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले मास्तर. थोर पुरुषांची चरित्रे आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून सांगून झालेली आहेत. म्हणून ज्यांचे नाव या सभागृहात बहुधा कोणी ऐकलेले नसेल, अशा एका गृहस्थाविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. ते गृहस्थ जपानी. मूळ नाव कांजी हिगुची. लोकांत प्रसिद्ध झाले ते जो हिगुची या नावाने. प्रथम मल्ल, नंतर पंच.

हे नाव आम्हांस कसे ठाऊक झाले, असे आपण विचाराल. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त योकोहामा शहरी असतो. गेल्या दिवाळीस तो घरी आला असता त्याने आपल्या मोबाइलवर आम्हांस जुन्या जपानी कुस्त्यांची चित्रे दाखविली. पहिलवान धिप्पाड होते खरे. परंतु आमची दृष्टी पुन्हा पुन्हा जात होती ती त्यांच्यामध्ये धावपळ करणाऱ्या, डोईस टक्कल असलेल्या एका ठेंगण्या माणसाकडे. "हे कोण रे?" असे आम्ही विचारले आणि पुतण्याने जी हकीकत सांगितली तिने आम्हांस वेगळ्याच कारणास्तव अस्वस्थ केले. ते कारण पुढे येईल.

हिगुची यांचा जन्म योकोहामा येथे १९२९ साली झाला. तरुणपणी त्यांनी ज्यूदोची मेहनत केली. महायुद्धात जपानचा पाडाव झाल्यावर अमेरिकन सैन्याचे तळ त्या देशात पडले. तेथे चाकरी करता करता हिगुची इंग्रजी बोलावयास शिकले. पोटासाठी शिकलेली ही विद्या पुढे त्यांचे भाग्य ठरली.

धंदेवाईक कुस्ती तेव्हा जपानात नुकतीच रुजत होती. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान हा मल्ल अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी लढला, तेव्हा रस्त्यांतील चौकाचौकांत लावलेल्या दूरदर्शन यंत्रांपुढे लोकांच्या झुंडी उभ्या होत्या. पराभूत राष्ट्राला आपला माणूस गोऱ्या धिप्पाडांना लोळविताना पाहावयाचा होता. त्याच साली हिगुची ओसाका येथील एका कुस्तीसंस्थेतून मल्ल म्हणून आखाड्यात उतरले. पुढे ते रिकिदोझानच्या संस्थेत आले. परंतु मल्ल म्हणून त्यांचे नाव झाले नाही. १९६० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी लंगोट खुंटीस लावला.

पुष्कळांची गोष्ट येथे संपते. हिगुची यांची येथे सुरू झाली. १९६३ साली ते पुन्हा त्याच मंडळींत आले ते पंच म्हणून, आणि परदेशी मल्लांची व्यवस्था पाहणारे गृहस्थ म्हणून. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रिकिदोझान एका भांडणात सुरा लागून मरण पावला. १९७२ साली रिकिदोझानचा शिष्य जायंट बाबा याने 'ऑल जपान' ही स्वतंत्र संस्था काढली. हिगुची त्याच्याबरोबर गेले आणि पुढील पंचवीस वर्षे त्या आखाड्यात शेकडो मल्ल आले व गेले, पंच मात्र तेच राहिले.

आता एक आक्षेप आम्हांस दिसतो आहे, कारण पुढच्या रांगेतील मंडळी हसत आहेत. "मास्तर, ही कुस्ती तर ठरवून केलेली! नुरा कुस्ती! तीत पंचाचे काय काम?" आक्षेप रास्त आहे. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आज कोणापासून लपलेले नाही. आपल्या मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्या झाल्या, त्या याच जातीच्या. तोच किंगकाँग १९५५ साली जपानात जाऊन रिकिदोझानशीही लढला होता. परंतु पुतण्याने समजावून सांगितल्यावर आम्हांस असे दिसून आले की, अशा कुस्तीत पंचाचे काम कमी नसून अधिक असते. खांदे टेकले की तळहात जमिनीवर आपटून तीनपर्यंत मोजावयाचे. दोरांबाहेर गेलेल्यास परत येण्याकरिता अंक मोजावयाचे. आणि हे चाललेले असताना किती वेळ उरला ते मल्लांच्या कानांत सांगावयाचे. निकाल ठरलेला असला तरी पडणे ठरलेले नसते. दीडशे किलोचा माणूस मानेवर पडला तर ती मान खरीच मोडते. त्याला पुढे लढता येईल की नाही, हे हजारो प्रेक्षकांसमोर, कोणास न कळू देता, प्रथम पंचाने पाहावयाचे असते. स्वतः पडण्याचा ज्याने अभ्यास केला आहे, त्यालाच हे दिसते.

हिगुची स्वतःही पुष्कळ पडले. दोन मल्लांच्या मध्ये सापडून धक्का लागायचा, ते बेशुद्ध होऊन आडवे व्हायचे आणि कुस्ती अनिर्णित सुटायची, असा प्रकार इतक्यांदा घडला की लोक त्यांच्या बेशुद्धीची थट्टा करू लागले. प्रेक्षक पुढे रागावलेही. आपल्या जत्रेत कुस्ती बरोबरीत सोडविली म्हणजे फडात जी ओरड होते, तीच ही ओरड. निकाली कुस्ती हवी, ही मागणी कोल्हापुरात आणि टोकियोत सारखीच! १९९० च्या सुमारास बाबाच्या संस्थेने तो परिपाठ मोडला आणि कुस्त्या चितपटीवर निकाली होऊ लागल्या. हिगुची तेव्हा साठीचे होते. उतारवयात आपल्या कामाची रीत बदलणे सोपे नव्हे; आम्हांस नवे गणित शिकवावे लागले तेव्हा आम्ही किती कुरकुर केली, हे आमच्या घरच्यांस ठाऊक आहे.

आखाड्याबाहेरचे त्यांचे काम आम्हांस अधिक मोलाचे वाटते. परक्या मुलखातील मल्ल, भाषा ठाऊक नाही, अन्न रुचत नाही, रोज नवे गाव. त्यांचे खाणेपिणे, मुक्काम, दुखणे हे सारे हिगुची पाहत. प्रेक्षकांसमोर जे राक्षसासारखे वागत, अशांचाही या एका माणसावर विश्वास होता.

आता आमचे अस्वस्थ होण्याचे कारण सांगतो. आमचे वडील पंचक्रोशीत नावाजलेले मल्ल होते. त्यांचा ढाक नावाजलेला होता. आम्ही चौथीत असताना एका जत्रेत त्यांचा गुडघा निखळला आणि कुस्ती कायमची सुटली. दुसऱ्या वर्षी गावकरी मंडळी घरी आली आणि म्हणाली, "अण्णा, फडात पंच म्हणून उभे राहा. तुमच्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही." वडिलांनी मान हलविली. "ज्या मातीत लोळवले, तिथे शिट्टी फुंकायला उभा राहू?" एवढेच ते बोलले. त्या वर्षी नवख्या पंचांच्या चुकीने एका कुस्तीत तंटा झाला, डोकी फुटली. वडील त्या दिवशी मळ्यात बैलांना पाणी पाजीत होते. हलगीचा आवाज तेथपर्यंत येत होता. आम्ही त्यांच्याजवळच उभे होतो. ते काही बोलले नाहीत. पण हलगी थांबली तेव्हा त्यांचाही हात थांबला आणि त्यांनी गावाकडे पाहिले, ते आम्हांस अजून दिसते.

यापुढे ते कधी फडाकडे फिरकले नाहीत. आम्ही बरीच वर्षे याला बाणेदारपणा समजत आलो आणि शाळेत मुलांना तसे सांगितलेही. आता तसे सांगवत नाही. वडिलांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. गुडघ्यापेक्षा त्यांचे दुसरेच काही दुखावले होते आणि त्याला औषध कोणी दिले नाही. आम्हीही मोठे झाल्यावर दिले नाही.

असो. १९९७ च्या मार्चमध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात हिगुची पंचाच्या कामातून निवृत्त झाले. १९९९ साली बाबा वारला. पुढल्या वर्षी मिसावा नावाच्या मल्लाने बहुतेक सहकाऱ्यांसह बाहेर पडून 'नोआ' ही नवी संस्था स्थापिली. सत्तरी ओलांडलेले हिगुची तेथेही गेले आणि अजिंक्यपदाच्या समितीचे प्रमुख म्हणून काम पाहू लागले. २००९ च्या जूनमध्ये हिरोशिमा येथे खुद्द मिसावा आखाड्यातच कोसळून मृत्यू पावला. हिगुची त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष जगले. ८ नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वेळ झाल्याची घंटा अध्यक्षमहाराजांनी वाजविली आहे. पंचाची आज्ञा मानणे आम्हांस भाग आहे. जाता जाता एक निवेदन. आपल्या तरुण मंडळाच्या कबड्डी सामन्यांकरिता यंदा पंच मिळेनासे झाले आहेत, असे कळते. नावे कार्यवाहांकडे द्यावयाची आहेत. आमचे आम्ही काल संध्याकाळी दिले. गुडघे साथ देतील तोवर उभे राहू.