कोठ्यातली इंग्रजी

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी आली. पण तक्त्यावरची 'काऊ' काळी-पांढरी, विलायती. नागपूर-वर्ध्याकडची आपली गवळाऊ पांढरी. पोरं गोंधळतात. म्हणून आम्ही शब्द कोठ्यातच शिकवतो. म्हैस बफेलो, बकरी गोट. नांगराच्या बैलाला मात्र 'बुल' नको. बुल म्हणजे वळू. आपला बैल 'ऑक्स'. आणि गाईचं वासरू काय, म्हशीचं वगार काय, इंग्रजीत दोन्ही 'काफ'! आपली भाषा इथं श्रीमंत, तेव्हा वगार, गोऱ्हा, कालवड हेही म्हणवून घ्या. शाळा शिकलो नाही म्हणून मागं सरू नका, जनावरं आपणच ओळखतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारी येतील. बोजारा देण्याआधी एकेक शब्द विचारायचा, असं आमच्या गटाचं ठरलंय.