पाखरांचे ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पाककृतीवर बोलावे असा आग्रह होता. पण आज बोलणार आहे पाखरांच्या ताटावर. हसू नका हं!

माहेरी आमचे जिराईत. शाळू हुरड्यात आला की राखण माझ्याकडे. माळ्यावर उभे राहायचे, गोफण फिरवायची नि पाखरे हाकलायची. लग्न होऊन सोमेश्वरनगरला आले, तो चहूकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. उसात पाखराने टिपावे काय? ज्यांना गोफणीने हाकलले त्यांच्यासाठी आता मी वाण्याकडून बाजरी आणते!

आधी वाटे, टाकला दाणा की झाले. पण प्रत्येकाची आवड निराळी. चिमणीला बारीक दाणा हवा. बाजरी किंवा तांदळाची कणी. होला ज्वारी खातो, पण जमिनीवर टिपतो. म्हणून जागा मोकळी हवी, मांजराला दबा धरता येऊ नये. ज्वारीचा ढीग मात्र घालू नका. पारवेच जमतात आणि चिमण्या मागे सरतात. मुनियांना राळा आवडतो. तो न मिळाल्यास परसातले थोडे गवत बी धरेपर्यंत राहू द्यावे. (आमच्या सासूबाईंना तो पसारा वाटे.) पोपटाला मका, करडई. बुलबुलासाठी पिकल्या पपईची फोड. सर्वांत सोपे म्हणजे बाजरीचे अख्खे कणीस दोरीने टांगावे.

सुगरणही दाणे टिपायला येते. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. घरटे विणतो नर. मादी येऊन पाहते, पसंत पडले तरच राहते. आणि सुगरण म्हणायचे आपल्याला!

आता माझी चूक सांगते. एकदा मृगात माहेरून पेरणीतले उरलेले बाजरीचे बियाणे आणले. दाणे गुलाबी दिसत होते. म्हटले, वाया कशाला घालवा? अंगणात दोन मुठी टाकले. दुसऱ्या दिवशी तुळशीपाशी दोन होले मरून पडलेले. मग पिशवी पाहिली. बियाण्याला औषध चोळलेले आहे, खाण्यासाठी वापरू नये, असे तीवर छापलेले होते. मी वाचलेच नव्हते. उरलेले दाणे एकेक वेचून खोल खड्ड्यात पुरले, हात साबणाने धुतले. पण त्या रात्री जेवण गेले नाही. भगिनींनो, रंगवलेले बियाणे पाखरांना, कोंबड्यांना कधी घालू नका. खायची बाजरी वेगळी, पेरायची वेगळी.

आणखी एक. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या-किडे भरवते. तेव्हा परसातल्या भाजीवर उठसूट फवारा मारू नये. पावसाळ्यात दाणे मूठभरच टाकावेत. भिजले की बुरशी धरते. जवळ मातीच्या परळात उथळ पाणी ठेवावे, रोज बदलावे.

माहेरच्या बाजरीची पन्नासेक कणसे मी आज आणली आहेत. चहा झाल्यावर दाराशी ठेवलेल्या टोपलीतून एकेक घेऊन जावे.