पहिला नंबर आणि गिऱ्हाईक

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते धंद्याच्या वेबसाइटविषयी. मराठी शिकवणाऱ्या माणसाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. उत्तर एवढेच, की या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली आणि तिची किंमत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मोजावी लागली.

त्याचे झाले असे. हा विद्यार्थी बी. ए. होऊन पन्हाळा तालुक्यातल्या आपल्या गावी परतला आणि वडिलांचे गुऱ्हाळ चालवू लागला. काहिलीतला रस साफ करायला रसायन घालायचे नाही, भेंडीच्या खोडाचे चिकट पाणीच वापरायचे, असा त्याचा आग्रह. असा गूळ जरा काळसर उतरतो, आणि बाजारात पिवळ्याधमक गुळाला उठाव जास्त. तेव्हा त्याने ठरवले, की खाणारे गिऱ्हाईक आपणच गाठायचे. वेबसाइट काढली. मजकुरासाठी तो माझ्याकडे आला आणि मीही हौसेने दोन पाने लिहून दिली. 'इक्षुरसाचे अमृत' काय, 'सह्याद्रीच्या कुशीतला सुवर्णगंध' काय! त्याच्या आईने ऐकून 'लई ग्वाड लिवलंय' अशी पावतीही दिली.

वर्षभर फोन वाजला नाही. मग शहरातले एक गृहस्थ त्याला भेटले. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे ज्याला थोडक्यात एसईओ म्हणतात, तो त्यांचा व्यवसाय. 'महिन्याभरात गूगलवर पहिला नंबर, हमी देतो,' असे म्हणून त्यांनी ४० हजार रुपये घेतले. ते पैसे उसाच्या लागणीसाठी बाजूला ठेवलेले होते. महिन्याने पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, पहिला नंबर आलाय. पण फोन काही येईना."

मी पाहिले. नंबर खरोखरच पहिला होता! पण कशासाठी? त्याच्या धंद्याचे नाव टाइप केले तर. आता ते नाव दुसऱ्या कोणाचेच नाही. आपल्या दारावरच्या पाटीवर आपलेच नाव असायचे, त्यात नवल कसले? मी 'सेंद्रिय गूळ' असे टाइप केले. दहा पाने उलटली, तरी याचा पत्ता नाही. मग मी मुकाट्याने त्याचे पान उघडून स्वतःचाच मजकूर वाचला. श्रोतेहो, त्या दोन पानांत 'गूळ' हा शब्द एकदाही नव्हता.

हे का घडले ते कळायला शोधयंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना समजायला ते सोपे आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते ना? अमुक शब्द अमुक पानावर. गूगलसारख्या यंत्राचे काम मुळात तेच. आपण प्रश्न विचारला म्हणजे ते त्या क्षणी जगभर धावत सुटते, ही समजूत चुकीची. त्याचे प्रोग्राम आधीच एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या, असे हिंडून आलेले असतात आणि कोणता शब्द कोठे आहे याची अफाट सूची करून ठेवतात. आपल्याला उत्तर मिळते ते त्या सूचीतून. हल्ली यंत्राला समानार्थी शब्दही बरेच उमगतात. पण इक्षुरसाच्या अमृतावरून त्याने गुळापर्यंत यावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

यात मराठीपुरती आणखी एक मेख आहे. आपल्याकडची कितीतरी पाने, छापखान्यांच्या सवयीने, जुन्या मराठी टंकांत केलेली असतात. आपल्या डोळ्यांना तिथे 'ग' दिसतो. यंत्राला मात्र आतले रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह दिसते, कारण त्या टंकात अक्षराखालचा संकेत परकाच असतो. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी तेवढे यंत्राला मराठी म्हणून वाचता येते. आमच्या पठ्ठ्याच्या पानावर भावाचा तक्ता असाच जुन्या टंकात होता, आणि पत्ता तर चित्रात! चित्रातली अक्षरे यंत्र कधी वाचते, कधी नाही. त्यावर दुकान चालवू नये.

बरे, गुळाविषयी हजारो पाने आहेत. वर कोणाला बसवायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी यावरची आपली तोड प्रबंधात मांडली. विद्वानांच्या प्रबंधाचे वजन जसे त्याचा आधार कोण कोण घेतो यावरून ठरते, तसे पानाचे वजन त्याच्याकडे कोण बोट दाखवतो यावरून ठरवायचे. आपण स्थळाची चौकशी करतो ती याच रीतीने नाही का? दहा उडाणटप्पूंनी 'मुलगा चांगला' म्हटले, तरी गावातल्या एका जाणत्या माणसाच्या शब्दाला वजन जास्त. आज गूगल याखेरीज इतरही पुष्कळ गोष्टी पाहते. पान मोबाइलवर नीट दिसते का, लवकर उघडते का, हेही त्यात आले. पण हे चौकशीचे तत्त्व टिकून आहे.

जिथे चौकशी आली तिथे खोटे साक्षीदारही आले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो शब्द लपवायचे, पैसे देऊन दुवे विकत घ्यायचे, असे प्रकार सुरू झाले. २००६ साली बी. एम. डब्ल्यू. या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही दिवस यादीतूनच काढून टाकले, कारण यंत्रासाठी एक पान आणि माणसासाठी दुसरे, अशी तिथे योजना होती. २०११ साली अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानाचे असेच झाले. कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या पानांवरून त्यांच्याकडे दुवे आढळले, आणि पहिल्या क्रमांकाची पाने एकदम खाली घसरली. ही थोरामोठ्यांची गत. आमच्या विद्यार्थ्यासाठी त्या गृहस्थांनी केलेले काम आम्ही तपासले, तर परदेशी जुगाराच्या पानांवर याच्या गुळाचे दुवे! वर पानाच्या पोटात एक छुपी शब्दांची यादी घातलेली. तसली यादी आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही तीच कंपनी उघड सांगते. पैसे देऊन जागा मिळते ती जाहिरातीची. तिच्यावर तशी खूण असते, आणि जाहिरात दिल्याने खालच्या यादीतला क्रम वर सरकत नाही.

या धंद्यातले सगळेच ठक असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पान नीट बांधणे, मोडके दुवे दुरुस्त करणे, हे कसबाचे काम आहे आणि त्याची मजुरी द्यावी. हमी मागू नये आणि घेऊ नये, इतकेच.

मग आम्ही काय केले? माझी दोन पाने काढून टाकली. (जिवावर आले, खोटे कशाला सांगू?) गुऱ्हाळावर एक वही ठेवली, आणि येणारे गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत टिपायचे असे ठरवले. 'काळा गूळ चांगला की पिवळा?' 'एक किलोचा रवा मिळतो का?' 'काकवी पुण्याला पाठवता का?' 'यात सोडा घालता का?' एकेका प्रश्नाला सरळ उत्तर लिहिले आणि प्रश्नच मथळा म्हणून ठेवला. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचीही माहिती दिली. परगावचे लोक रोमन अक्षरांत 'जॅगरी' शोधतात, म्हणून इंग्रजी पान वेगळे केले. ऱ्हस्वदीर्घासाठी मी आयुष्यभर लाल शाई खर्च केली, पण यंत्र 'गुळ' लिहिले तरी बहुधा समजून घेते. माझ्यापेक्षा ते दयाळू आहे म्हणायचे! गूगलच्या नकाशावर गुऱ्हाळाची जागा, वेळ आणि फोन नोंदवला. त्याला पैसे पडत नाहीत. पहिल्या पानावरचा भलामोठा फोटो काढला, कारण वाडीवस्तीवर तो उघडता उघडत नव्हता. जुगाराचे दुवे काढायला मात्र पुष्कळ पत्रे लिहावी लागली.

पहिला नंबर अजून आलेला नाही. मोठे दुकानदार पुढे आहेतच. शिवाय २०२४ पासून गूगल काही प्रश्नांची उत्तरे आपणच वर तयार करून देऊ लागले आहे. ज्याच्या कष्टाचे उत्तर, त्याच्या दारापर्यंत माणूस येतोच असे नाही, ही माझी तक्रार आहे. पण फोन येतात. गेल्या हंगामात शेवटच्या आदणाचा गूळ बाजारात न नेता घरूनच संपला.

लोक कोणते शब्द शोधून आपल्या पानावर आले, हे गूगल पानाच्या मालकाला फुकट दाखवते. परवा तो ती यादी घेऊन आला. त्यात आमच्या वहीत नसलेला एक प्रश्न होता: 'पावसाळ्यात गूळ पाझरतो, काय करावे?' मला उत्तर येईना. शेवटी आम्ही त्याच्या म्हाताऱ्या गुळव्याकडे गेलो. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून पाझरतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा, ओला हात लावू नये. म्हातारा सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. मध्येच थांबून त्याने विचारले, "मास्तर, म्या सांगतोय तसंच लिवताय न्हवं?"