मृतांचे आकडे आणि वादळांचा इतिहास

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



शंभर वर्षे ग्रंथ सांभाळीत आलेल्या संस्थेच्या उत्सवात वादळांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गतकाळातील वादळांचा प्रश्न हा जितका वेधशाळांचा आहे तितकाच जुन्या कागदांचाही आहे. हवामान-बदलाच्या वादात तर तो पुष्कळसा कागदांचाच होऊन बसला आहे.

हा वाद आपण वृत्तपत्रांतून नेहमी वाचतो. एक पक्ष म्हणतो की पृथ्वी तापत आहे, समुद्र तापत आहे आणि म्हणून चक्रीवादळे पूर्वीपेक्षा अधिक संहारक झाली आहेत. पुराव्यादाखल तो २००५ सालच्या कॅटरिना वादळाचे नाव घेतो. दुसरा पक्ष शांतपणे विचारतो, मग १९०० सालच्या गॅल्व्हेस्टनचे काय? तेव्हा रस्त्यांवर मोटारी जवळजवळ नव्हत्या, आकाशात विमाने नव्हती. तरीही अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी प्राणहानी त्याच वादळाने केली. त्याही मागे जायचे तर १७८० सालच्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीज बेटांवर आलेल्या हरिकेनने सुमारे बावीस हजार माणसे मारली आणि अटलांटिक महासागरातील तो उच्चांक अद्याप कायम आहे. दोन्ही पक्ष प्रेतेच मोजतात, मात्र निष्कर्ष परस्परविरुद्ध काढतात. माझे म्हणणे एवढेच आहे की मृतांची संख्या ही वादळाच्या बळाची मोजपट्टीच नव्हे. ती निराळ्याच गोष्टीची मोजपट्टी आहे.

गॅल्व्हेस्टनची हकीगत या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे. टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगत वाळूच्या एका लांबट बेटावर वसलेले हे भरभराटीचे बंदर. वस्ती अडतीस हजारांच्या आसपास. शहरातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटही नव्हती. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत उद्ध्वस्त होऊन लोकांनी सोडून दिले होते, तेव्हा गॅल्व्हेस्टनला भिंत बांधावी अशी चर्चा निघाली आणि विरून गेली. तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून या शहराला वादळापासून गंभीर धोका आहे ही समजूतच निराधार ठरवली होती. माणूस विद्वान होता, कर्तव्यदक्ष होता. त्याचे शास्त्र मात्र त्या किनाऱ्यापुरते अपुरे होते.

दोष एकट्या क्लाइनचा नव्हता. हवानातील बेलेन वेधशाळेत जेझुइट पाद्री कित्येक दशके वादळांचा अभ्यास करीत आले होते. फादर बेनितो विन्येस यांनी ढगांच्या चालीवरून वादळाची दिशा ओळखण्याची विद्या तेथे रुजवली होती. १९०० च्या सप्टेंबरात क्यूबातील जाणकारांचे मत पडले की हे वादळ मेक्सिकोच्या आखातातून टेक्सासकडे जाईल. पण स्पेनशी झालेल्या युद्धानंतर क्यूबा तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता आणि वॉशिंग्टनच्या हवामान खात्याने क्यूबन हवामानतज्ज्ञांच्या तारांवर बंदी घालवली होती. वॉशिंग्टनचा अदमास असा की वादळ फ्लोरिडाकडून वळून अटलांटिक किनाऱ्याने वर जाईल. जित देशातील माणसाचे ज्ञान जेत्याला ज्ञान वाटत नाही, हा अनुभव आपल्या देशाला नवा नाही.

८ सप्टेंबरला समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला. म्हणजे बेटावर कोरडी जागाच उरली नाही. मृतांचा आकडा सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगतात. आठ हजार हा सामान्यतः स्वीकारलेला. क्लाइन यांची पत्नीही त्यात गेली.

त्यानंतर त्या शहराने जे केले ते कमी लोकांना ठाऊक असते. सतरा फूट उंचीची समुद्रभिंत बांधली. एवढ्यावर न थांबता शहरच उचलले! दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून वर उचलायच्या, त्यांच्याखाली समुद्रतळाची वाळू पाण्यासह नळांतून सोडायची, पाणी निथळले की नवी जमीन तयार. तीन हजार टनांचे एक चर्चही असेच पाच फूट वर नेण्यात आले. १९१५ साली जवळपास तशाच बळाचे वादळ आले, तेव्हा भिंतीमागील शहरात मृत्यू अगदी थोडे झाले. वादळ तेच, समुद्र तोच, पंधरा वर्षांत हवामानही काही पालटले नव्हते; पालटली होती ती भिंत आणि जमिनीची उंची.

आता आपल्या उपसागराकडे वळू. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने तो १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात रूढ केला. मातला नदीच्या मुखाजवळ नवे बंदर वसवू नका, वादळी लाटेत ते बुडेल, असा इशारा त्याने १८५३ साली सरकारला दिला. सरकारने पोर्ट कॅनिंग वसवले आणि १८६७ च्या वादळाने ते मोडून टाकले. पुढे १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला वादळाने तीन ते पाच लाख माणसे नेली. या सभागृहातील ज्येष्ठांना नोव्हेंबर १९७७ आठवत असेल. कृष्णा जिल्ह्यातील दिवीसीमेत समुद्र आत शिरला आणि दहा हजारांहून अधिक माणसे गेली. १९९९ साली ओडिशात सुमारे तेवढीच. आणि मग त्याच ओडिशात २०१३ सालचे फायलिन आले. ते अतितीव्र वादळ होते, पण दहा लाखांच्या घरात माणसे आधीच हलवली होती, चक्रीवादळ-निवारे बांधून झाले होते, आणि मृत्यू शंभराच्या आतच राहिले.

या आकड्यांवरून वादळे सौम्य झाली असा निष्कर्ष कोणी काढील काय?

शिवाय आकडे तरी किती विश्वसनीय? १७३७ च्या कलकत्त्याच्या वादळात तीन लाख मेले असे दोन शतके छापले गेले. त्या गावाची वस्ती तेव्हा याच्या जवळपासही नव्हती, हे बघण्याचे कोणाला सुचले नाही. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मारली, अशीही नोंद संहारक वादळांच्या याद्यांत सापडते. त्या काळची मुंबईची वृत्तपत्रे एका लाखाच्या मृत्यूवर गप्प बसली असती काय? त्यांत त्याचा मागमूस नाही. अभ्यासकांनी शोध घेऊन ही घटना घडलीच नसल्याचे म्हटले आहे. आणि केवळ जुन्याच काळाला हसू नये. २०१७ साली पोर्टो रिकोत मारिया वादळाचे अधिकृत बळी चौसष्ट होते. वीज, औषधे व उपचार यांअभावी पुढील काही महिन्यांत जे गेले ते जमेस धरल्यावर सरकारनेच २०१८ साली तो आकडा २,९७५ केला.

खरा शास्त्रीय वाद निराळ्या पातळीवर चालला, आणि तो फार उद्बोधक आहे. २००५ च्या उन्हाळ्यात, कॅटरिनाच्या काही आठवडे आधी, केरी इमॅन्युएल यांनी दाखवले की १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वादळांतून खर्च होणारी एकूण शक्ती लक्षणीय वाढली आहे. पाठोपाठ पीटर वेबस्टर व सहकाऱ्यांनी सर्वांत तीव्र श्रेणीच्या वादळांचे प्रमाण वाढल्याचे मांडले. विल्यम ग्रे आणि ख्रिस लँडसी यांनी आक्षेप घेतला. ग्रे यांचा तापमानवाढीच्या सिद्धान्तावरच विश्वास नव्हता, ते बाजूला ठेवू. लँडसी यांचा मुद्दा मात्र वजनदार होता: जुन्या नोंदीच अपुऱ्या आहेत. वादळात विमान नेण्याचे पहिले धाडस १९४३ साली झाले, तेही गॅल्व्हेस्टनजवळच. हवामान-उपग्रह १९६० नंतरचे. त्यापूर्वी भर समुद्रात जे वादळ कोणत्याच जहाजाला भेटले नाही ते इतिहासाला भेटलेच नाही. मग 'वाढ' म्हणजे वादळांची वाढ की डोळ्यांची?

येथे ग्रंथालयांचा संबंध येतो. होसे फर्नांदेझ पार्तागास हे क्यूबात जन्मलेले हवामानतज्ज्ञ आयुष्याच्या उत्तरार्धात मायामीच्या ग्रंथालयांत बसून एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रांच्या सूक्ष्मचित्रफिती वाचीत राहिले. कोणते गलबत कोठे भरकटले, कोणत्या बंदरात डोलकाठी मोडून आले, वारा कोणत्या दिशेने फिरला, अशा चार-चार ओळींच्या बातम्यांतून त्यांनी विस्मृत वादळांचे मार्ग पुन्हा आखले. अटलांटिक वादळांच्या अधिकृत नोंदी आज १८५१ पर्यंत मागे जातात, त्यांत त्यांच्या श्रमाचा मोठा वाटा आहे. हलाखीत राहून १९९७ साली ते वारले. पुढल्या वर्षी विमानातून त्यांच्या अस्थी डॅनिएल नावाच्या वादळाच्या डोळ्यात सोडण्यात आल्या. वृत्तपत्रांच्या जुन्या फाइली जागा अडवतात म्हणून रद्दीत काढणाऱ्या ग्रंथालय-समित्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

मग हाती काय लागले? वादळांची एकूण संख्या शतकभरात वाढली असे खात्रीने म्हणता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय हवामान-बदल मंडळाने २०२१ च्या अहवालातही मान्य केले आहे. मात्र गेल्या चार दशकांत तीव्र वादळांचे प्रमाण बहुधा वाढले आहे, असेही तोच अहवाल म्हणतो. पावसाबाबत शंका आणखी कमी. कारण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. २०१७ साली हार्वे वादळाने टेक्सासमध्ये एका ठिकाणी साठ इंचांहून अधिक पाऊस पाडला. आणि समुद्राची पातळी तर मोजलेलीच आहे: १९०१ ते २०१८ या काळात जगभर सरासरी वीस सेंटिमीटर वर. वादळ पूर्वीइतकेच असले तरी त्याची लाट आता वरच्या पायरीवरून निघते.

म्हणून गॅल्व्हेस्टनचे नाव घेऊन 'हे पूर्वीही होते' असे म्हणणाऱ्याला मी म्हणेन, खरे आहे, पण त्यातून समुद्राच्या तापमानाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि प्रत्येक वादळानंतर तापमानवाढीकडे बोट दाखवणाऱ्यालाही विचारीन की न्यू ऑर्लिन्सचे बंधारे सदोष बांधले गेले होते, त्याची जबाबदारी हवेवर कशी टाकता? हे दुसरे बोट राज्यकर्त्यांना फार सोयीचे असते.

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावरील भरतीमापक विसाव्या शतकाच्या आरंभापासून नोंद करीत आहे. तेथे समुद्र जमिनीच्या तुलनेत दोन फुटांहून अधिक वर आला आहे. त्यात मोठा वाटा भूजल व तेल उपसल्याने खचलेल्या जमिनीचा, उरलेला समुद्राचा. २००८ साली आयक वादळ आले तेव्हा पाणी भिंतीवरून नव्हे, मागच्या खाडीच्या बाजूने शहरात शिरले. आता खाडीच्या मुखाशी प्रचंड दरवाजे बसवण्याच्या योजनेला अमेरिकी संसदेने २०२२ साली मान्यता दिली आहे. खर्च तीस अब्ज डॉलरांच्या वर. ते दरवाजे किती उंच करायचे, हे ठरवताना अभियंत्यांना १९०० ची नोंद लागते आणि येत्या शंभर वर्षांतील समुद्राचा अंदाजही लागतो.